गणवेशाच्या खिशातली वाफ

2016 सालच्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीची बैठक चालू होती. विमानात ई-सिगरेट ओढायला बंदी असावी की नको, यावर वाद रंगला होता. कॅलिफोर्नियाचे खासदार डंकन हंटर बंदीच्या विरोधात बोलत होते. बोलता बोलता त्यांनी आपलं यंत्र तोंडाला लावलं, झुरका घेतला आणि भर समितीत वाफेचा लोट सोडला. यात काहीच जळत नाही, मग बंदी कशासाठी, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीने ते ऐकून घेतलं आणि बंदीच्या बाजूने कौल दिला.

हंटर राजकारणात येण्याआधी मरीन दलात अधिकारी होते. इराक आणि अफगाणिस्तान, दोन्हीकडच्या लढाईत त्यांनी भाग घेतला होता. 2014 मध्ये नौदलमंत्री रे मेबस यांनी नौदल आणि मरीन दलाच्या तळांवरच्या दुकानांतून तंबाखूच हद्दपार करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्याला आडवं जाण्यातही हेच हंटर पुढे होते. पोराच्या हातात बंदूक देऊन त्याला मरणाच्या दारात उभं करता, मग त्याने काय ओढावं हे ठरवणारे तुम्ही कोण, असा त्या विरोधाचा सूर होता. तंबाखू दुकानांत राहिली.

अमेरिकी सैनिकांमध्ये व्हेपचा, म्हणजे ई-सिगरेटचा, विषय निघाला की आजही हाच सूर ऐकू येतो. त्यात राग आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. कारण सैनिकाला निकोटीनची चटक लागली ती वरिष्ठांच्या डोळ्यांआड नव्हे. ती रसदीतूनच आली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जवानाला मिळणाऱ्या ‘के रेशन’च्या प्रत्येक खोक्यात बिस्किटं आणि डबाबंद अन्नाच्या सोबतीला चार सिगरेटी असत. एका जेवणाला चार, म्हणजे दिवसाला बारा. व्हिएतनामच्या जंगलातही जेवणाच्या खोक्यातून सिगरेटचं छोटं पाकीट येत होतं. घरून कधी न ओढणारा मुलगा निघायचा आणि परतताना रोज पाकीटभर फुंकणारा बाप्या होऊन यायचा. रसदीतल्या सिगरेटी थांबल्या त्या 1975 मध्ये. तोवर सवय हाडीमासी खिळली होती. 1980 साली अमेरिकी संरक्षण खात्याने केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक, 51 टक्के सैनिक सिगरेट ओढणारे निघाले.

त्यानंतर मात्र लष्कराने दिशा बदलली. भरती झालेल्या मुलांना प्राथमिक प्रशिक्षणात तंबाखूला हात लावायला मनाई झाली. इमारतींमध्ये धूम्रपान बंद झालं. 2010 च्या 31 डिसेंबरपासून पाणबुडीतही सिगरेट पेटवायची नाही, असा नियम आला. महिनोन्‌महिने समुद्राच्या पोटात बंद असलेल्या लोकांसाठी ही साधी गोष्ट नव्हती. 2011 च्या पाहणीत ओढणाऱ्यांचं प्रमाण 24 टक्क्यांवर आलं, 2015 मध्ये 14 टक्क्यांच्या आसपास. 2016 मध्ये संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर यांच्या काळात तळावरच्या दुकानांतली स्वस्ताईही गेली. बाहेरच्या बाजारात कर धरून जो भाव, तोच तळावर लावायचा, असं ठरलं.

नेमक्या याच काळात खिशात मावणारं, राख न सांडणारं आणि कपड्यांना वास न लावणारं एक यंत्र बाजारात शिरलं.

आजच्या रूपातली ई-सिगरेट 2003 च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने घडवली. रचना सोपी आहे. एक बॅटरी, तारेचं एक बारीक वेटोळं आणि त्याभोवती भिजलेला कापूस. प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादाचा अर्क यांचं मिश्रण त्या कापसात मुरलेलं असतं. झुरका घेतला की तार तापते, द्रवाचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगू लागतात आणि तेच छातीत ओढले जातात. मराठीत आपण त्याला वाफ म्हणतो, पण ती पातेल्यावरच्या वाफेसारखी नसते. इथे तंबाखूचं पान जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा सिगरेटइतका मारा होत नाही. हे खरं आहे आणि सैनिकांच्या मनात व्हेपबद्दल जी बरी भावना आहे, तिचा पाया हाच आहे.

सुरुवातीच्या ई-सिगरेटमधून निकोटीन फारसं चढत नसे. जोर लावून ओढलं तर घसा खवखवायचा. 2015 मध्ये ‘जूल’ नावाची ई-सिगरेट आली आणि चित्र बदललं. तिच्यात बेंझोइक आम्लाच्या मदतीने निकोटीनचा क्षार वापरला होता. तो घशाला टोचत नाही, त्यामुळे जास्त निकोटीन सहज आत जातं. जूलच्या 0.7 मिलिलिटरच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या छोट्या कुपीत, साधारण 40 मिलिग्रॅम निकोटीन होतं. एक पॉड म्हणजे सिगरेटचं एक पाकीट, असं कंपनीच सांगत होती. दिसायला मात्र हे यंत्र पेन ड्राइव्हसारखं. पाकीट रिकामं झालं की ओढणाऱ्याला निदान कळतं तरी. पॉडचा हिशोब कोण ठेवतो?

अमेरिकी तळावर सिगरेट ओढण्यासाठी ठरवून दिलेली जागा असते. सैनिक तिला ‘स्मोक पिट’ म्हणतात. एखादा आडोसा, दोन बाकं, थोटकं टाकायला वाळूचा डबा. आपल्याकडे चहाच्या टपरीवर ज्या गप्पा होतात, त्या तिकडे या जागी होतात. नवा आलेला जवान जुन्या सार्जंटशी मोकळेपणी बोलू शकतो, बदलीची खबर कळते, कोणाचं घर मोडतंय हेही तिथेच समजतं. लष्करी धूम्रपानावर काम करणाऱ्या संशोधकांना सैनिकांनी वारंवार एक गोष्ट सांगितली आहे: सिगरेट ओढणाऱ्याला कामातून उठायला निमित्त मिळतं. बारा तासांच्या पाळीत ‘जरा ओढून येतो’ म्हटलं तर कोणी अडवत नाही. न ओढणाऱ्याने ‘जरा बसतो’ म्हटलं तर तो कामचुकार ठरतो.

महाराष्ट्रात हे समजावून सांगायची गरज पडू नये. शेताच्या बांधावर किंवा कारखान्याच्या फाटकाशी तळहातावर चुना-तंबाखू मळून पुढे केलेली चिमूट नाकारणं किती अवघड असतं, हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते आणि त्यात मोठा वाटा न जळणाऱ्या तंबाखूचा होता. अमेरिकी सैनिकही गालात आणि ओठाखाली तंबाखू धरतात. तिकडे तिला ‘डिप’ म्हणतात. चिमूट दिली-घेतली की ओळख होते, हा व्यवहार दोन्हीकडे सारखाच.

व्हेपने या व्यवहाराला फाटा दिला. टेक्सासमधल्या लॅकलँड तळावर हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींशी संशोधकांनी गटागटाने चर्चा केल्या. व्हेप का आवडतो, याची मुलांनी दिलेली कारणं अगदी व्यवहारी होती. वास येत नाही. स्मोक पिटपर्यंत चालत जावं लागत नाही. कोणाच्या लक्षात येत नाही. बराकीत पांघरुणाखाली, स्वच्छतागृहात किंवा उभ्या गाडीत एक झुरका घेऊन वाफ जॅकेटच्या बाहीत सोडली की झालं. धावताना सिगरेटइतकी धाप लागत नाही, असंही अनेकांना वाटतं. शारीरिक चाचणीच्या गुणांवर बढती अवलंबून असलेल्या माणसासाठी हा मुद्दा मोठा आहे.

पण या सोयीतच मेख आहे. सिगरेट ओढणाऱ्याला पाऊस, थंडी, अंतर आणि वरिष्ठांची नजर यांचा अडथळा होता. दिवसातून सात-आठ वेळाच उठता यायचं. व्हेपवाल्याला कसलाच अडथळा नाही. उशीखाली यंत्र आहे, रात्री दोन वाजता जाग आली तरी हात तिकडेच जातो. शिवाय स्मोक पिटमधली माणसं गेली आणि निकोटीन तेवढं राहिलं. व्यसन घालवण्याच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

2018 मध्ये रँड संस्थेने संरक्षण खात्यासाठी केलेल्या आरोग्य-सवयींच्या पाहणीत सक्रिय सेवेतल्या सुमारे 16 टक्के सैनिकांनी गेल्या महिनाभरात ई-सिगरेट ओढल्याचं सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एकूण प्रौढांमध्ये हे प्रमाण जेमतेम 3 टक्के होतं. सैन्यात तरुण जास्त, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. तरीही एवढी तफावत नुसत्या वयाच्या नावावर खपवता येणार नाही.

ही तरुण मुलं येतात कुठून तेही पाहायला हवं. 2017 मध्ये अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतली 11.7 टक्के मुलं व्हेप ओढत होती, 2018 मध्ये 20.8 टक्के आणि 2019 मध्ये 27.5 टक्के. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. पुढच्या तीन-चार वर्षांत हीच मुलं भरती कार्यालयाच्या दारात उभी राहिली. त्यांच्यातल्या अनेकांनी आयुष्यात सिगरेट पेटवलेलीही नव्हती. आजोबांना चटक सैन्याने लावली, नातू ती शाळेतूनच घेऊन आला.

प्राथमिक प्रशिक्षणात या मुलांचा व्हेप काढून घेतला जातो. हवाई दलात सात-आठ आठवडे, मरीन दलात तेरा. या काळात कोणालाच काही मिळत नाही. पहिल्या काही दिवसांत डोकं भणभणतं, झोप उडते, चिडचिड होते, पण पहाटे उठवणारा शिक्षक समोर असतो आणि दम खायला उसंतच नसते. तलफ येते तशी जाते. तेरा आठवड्यांनी मुलगा निकोटीनमुक्त होऊन बाहेर पडतो. लष्कराच्या हाती आलेली ही सोन्यासारखी संधी असते. मग मनाई उठते, पुढच्या तळावर पहिला पगार हातात पडतो आणि शेजारच्या खाटेवरचा मित्र आंब्याच्या स्वादाचा पॉड पुढे करतो. बरेच जण तिथेच घसरतात. ज्यांनी कधीच ओढली नव्हती, त्यातलेही काही याच टप्प्यावर सुरुवात करतात.

वरिष्ठांची चिंता फुप्फुसांपासून सुरू झालीच नाही. ती सुरू झाली बॅटरीपासून.

व्हेपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. मोठ्या यंत्रांमधला सेल बोटाएवढा जाड आणि सुटा काढता येणारा. असा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात पडला, त्याची दोन टोकं धातूने जोडली गेली की तो क्षणात तापतो. एकदा आतली रासायनिक क्रिया हाताबाहेर गेली की ती स्वतःच उष्णता वाढवत नेते आणि सेल फटाक्यासारखा फुटतो. 2016 मध्ये अमेरिकी नौदलाच्या सुरक्षा केंद्राने अशा घटनांची नोंद पुढे मांडली. काही महिन्यांत डझनभर अपघात झाले होते आणि त्यातले बरेच खुद्द जहाजांवर. बहुतेक वेळा यंत्र नौसैनिकाच्या खिशात होतं. मांडी आणि पोट भाजलं. दोघांच्या तर तोंडातच ते फुटलं, चेहऱ्याला आणि दातांना इजा झाली.

जमिनीवर सेल फुटला तर माणूस बाजूला पळू शकतो. जहाजावर पळणार कुठे? अमेरिकी नौदलाच्या स्मरणात 29 जुलै 1967 चा दिवस कोरलेला आहे. टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेच्या धावपट्टीवर एक रॉकेट चुकून सुटलं. इंधनाने पेट घेतला, बॉम्ब फुटत गेले आणि 134 माणसं मेली. नौदलात भरती होणाऱ्या प्रत्येकाला आग विझवण्याचं शिक्षण दिलं जातं ते उगाच नाही. दारूगोळा, विमानाचं इंधन आणि हजारो माणसं एका पोलादी खोक्यात असताना खिशाखिशांत फुटू शकणारा सेल घेऊन फिरायची मुभा कोणता कप्तान देईल?

14 मे 2017 पासून नौदलाच्या दोन्ही मोठ्या ताफ्यांनी जहाजं, पाणबुड्या, विमानं आणि होड्यांवर ई-सिगरेट ओढणं, बाळगणं, साठवणं आणि चार्ज करणं बंद केलं. किनाऱ्यावरच्या तळांवर ठरलेल्या जागी ओढायची मुभा राहिली. या आदेशाचं कारण आगीचं होतं, आरोग्याचं नव्हतं. खलाशांना हे कारण पटण्यासारखं होतं, कारण त्यातला धोका डोळ्यांना दिसणारा आहे. पण कारण पटलं म्हणून तलफ जात नाही. जहाजावर सिगरेटला ठरलेली जागा होती आणि व्हेपला नव्हती. म्हणजे सिगरेट सोडून व्हेपकडे वळलेल्या खलाशासमोर सहा महिन्यांच्या सफरीत तीन वाटा उरल्या: पुन्हा सिगरेट, ओठाखाली डिप किंवा सगळंच सोडणं. आगीपुरता हा आदेश योग्यच होता. मात्र सोडू पाहणाऱ्यांच्या हाताला तेव्हा जेवढा आधार द्यायला हवा होता, तेवढा दिला गेला नाही.

याच सेलची दुसरी बाजू युक्रेनमध्ये दिसली. रशियाचं आक्रमण सुरू झाल्यावर तिथल्या स्वयंसेवकांनी वापरून फेकलेले व्हेप गोळा करायला सुरुवात केली. आतले सेल काढून, तपासून, एकत्र जोडून त्यांच्या पॉवर बँक बनवल्या आणि आघाडीवरच्या सैनिकांकडे पाठवल्या. एकदा वापरून टाकायच्या म्हणून विकलेल्या वस्तूत पुन्हा चार्ज होणारा चांगला सेल असतो, हे त्यातून दिसलं.

2018 च्या जानेवारीत अमेरिकी सैन्याच्या आरोग्य केंद्राने आणखी एक इशारा दिला. उत्तर कॅरोलिनातल्या तळांवरचे सुमारे 60 सैनिक आणि मरीन व्हेपमधून भलतंच तेल ओढून दवाखान्यात पोचले होते. डोकेदुखी, ओकाऱ्या, धडधड, भान हरपणं आणि झटके अशी लक्षणं होती. गांजाच्या झाडातून मिळणारं ‘सीबीडी तेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या बाटल्यांत प्रयोगशाळेत बनवलेली, गांजाची नक्कल करणारी रसायनं होती. लष्करात लघवीची चाचणी कधीही होते आणि गांजा सापडला तर नोकरी जाते. नेहमीच्या चाचणीत न सापडणारी नशा म्हणून ही तेलं खपत होती.

पुढच्या वर्षी संकट देशभर पसरलं. 2019 च्या उन्हाळ्यात व्हेप ओढणारे धडधाकट तरुण धाप लागून अतिदक्षता विभागात येऊ लागले. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत 2,807 रुग्णांची नोंद झाली आणि 68 जणांचे मृत्यू निश्चित झाले. बहुतेक प्रकरणांत दोषी ठरलं ते काळ्या बाजारातल्या गांजाच्या तेलात घट्टपणासाठी मिसळलेलं व्हिटामिन ई अ‍ॅसिटेट. ते उमगायला वेळ लागला. तोवर भूदल, हवाई दल आणि नौदलाच्या दुकानांनी 2019 च्या ऑक्टोबरच्या तोंडावर फडताळांवरून सगळेच व्हेप उतरवले होते. सिगरेट मात्र तिथेच राहिली.

सैनिकांच्या मनात अढी बसली ती इथे. वर्षाला लाखो अमेरिकनांचा जीव घेणारी सिगरेट दुकानात मिळते आणि तिच्यापेक्षा कमी घातक म्हणून जी घ्यायला लागलो ती मिळत नाही, या निर्णयाची संगती लावणं कठीण होतं. घाईत घेतलेला तो निर्णय भीतीच्या त्या आठवड्यांत समजण्यासारखा होता, पण त्याने एक चुकीची गोष्ट रुजवली: आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांना स्वतःलाच नक्की काही ठाऊक नाही.

त्या वर्षाच्या डिसेंबरात दुसरा घाव बसला. तंबाखू आणि व्हेप विकत घेण्याचं किमान वय देशभर 18 वरून 21 करणारा कायदा झाला. आधी कॅलिफोर्नियाने 2016 मध्ये असाच कायदा करताना सेवेतल्या सैनिकांना सूट दिली होती. केंद्राच्या कायद्यात ती नव्हती. आईवडिलांच्या संमतीने सतराव्या वर्षी भरती होता येतं, अठराव्या वर्षी आघाडीवर जाता येतं, पण सिगरेटसाठी 21 पूर्ण हवीत. हंटर यांच्या वेळचा तो जुना सूर पुन्हा घुमला. आरोग्याच्या बाजूने पाहिलं तर हा कायदा बरोबरच आहे, कारण निकोटीनची पक्की चटक बहुतेकांना विशीच्या आतच लागते. पण बराकीतल्या मुलाला तो अपमान वाटला आणि त्या भावनेला कोणी नीट उत्तर दिलं नाही.

अविश्वासाला आणखी एक जुनं कारण आहे. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अमेरिकी तळांवर कचरा उघड्या खड्ड्यांत जाळत असत. प्लॅस्टिक, रंग, बॅटऱ्या, वैद्यकीय कचरा, सगळं एकत्र, वर विमानाचं इंधन ओतून. इराकमधल्या बलाड तळावरचा असा खड्डा कित्येक एकरांचा होता. रात्रंदिवस त्या काळ्या धुरात राहिलेल्या जवानांना दम्यापासून कर्करोगापर्यंतचे आजार जडले आणि त्यांचा त्या धुराशी संबंध मान्य करून मदत देणारा व्यापक कायदा व्हायला 2022 चा ऑगस्ट उजाडला. वर्षभर ज्याने तो धूर गिळला, त्याला कोणी येऊन सांगितलं की पुदिन्याच्या स्वादाची वाफ तुझ्या फुप्फुसांना बरी नाही, तर त्याच्या मनात काय येईल?

वैद्यकाचं म्हणणं तरी काय आहे? इथे दोन देशांच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने 2015 मध्ये ई-सिगरेट ही सिगरेटपेक्षा सुमारे 95 टक्के कमी हानिकारक असल्याचं सांगितलं. त्या आकड्याच्या आधारावर पुष्कळ टीका झाली, तरी तिथलं धोरण त्याच वाटेने गेलं. 2023 मध्ये दहा लाख ओढणाऱ्यांना सिगरेटच्या बदल्यात व्हेपचा संच देण्याची योजना तिथल्या सरकारने जाहीर केली. अमेरिकेत भर राहिला तो मुलांना दूर ठेवण्यावर.

2019 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला एक ब्रिटिश अभ्यास या वादात वारंवार पुढे केला जातो. सिगरेट सोडू इच्छिणाऱ्या 886 जणांपैकी काहींना ई-सिगरेट दिली, काहींना निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंग गम. सोबतीला दोन्ही गटांना समुपदेशन होतं. वर्षभराने व्हेप गटातले 18 टक्के सिगरेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले 9.9 टक्के. व्हेपच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा कोणी सांगत नाही. व्हेपच्या मदतीने सिगरेट सुटलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षभरानंतरही व्हेप ओढतच होते. पट्ट्या आणि गम वापरून सिगरेट सोडलेल्यांपैकी फक्त 9 टक्के त्या पट्ट्यांवर किंवा गमवर टिकून होते.

आणि हे सगळं सिगरेट पूर्ण सोडणाऱ्याबद्दल. सैन्यातली अडचण वेगळी आहे. पुष्कळ जवान सिगरेटच्या जागी व्हेप घेत नाहीत, सिगरेटच्या जोडीला घेतात. बराकीत व्हेप, स्मोक पिटमध्ये सिगरेट, गाडी चालवताना डिप. 2018 च्या त्या पाहणीत सगळे प्रकार मिळून दर तीन सैनिकांमागे एकाहून अधिक जण निकोटीनवर होते. अशा माणसाला ‘व्हेप कमी घातक आहे’ हे वाक्य ऐकवून उपयोग नाही. त्याच्या फुप्फुसांत धूर जातोच आहे, वाफ वर आणखी.

भारतीय सैनिकापुढे हा पेच कागदावर तरी नाही. 18 सप्टेंबर 2019 ला केंद्र सरकारने वटहुकूम काढून आणि डिसेंबरात कायदा करून ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर सरसकट बंदी घातली. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास तीन वर्षं आणि पाच लाख. तरीही पुण्या-मुंबईच्या कॉलेजांभोवती व्हेप मिळतो, हे पोलिसांच्या छाप्यांवरून वेळोवेळी दिसतं. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत पहाटे रस्त्यावर धावून भरतीची तयारी करणारी पोरं यापासून कायमची लांब राहतील, असं समजून चालू नये. अमेरिकी सैन्यात ती सवय शाळेच्या दप्तरातून आली, हे इथल्या पालकांनी आणि अकादमी चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

अमेरिकी सैन्याकडे सोडवण्याची साधनं नाहीत असं नाही. सैनिकांच्या आरोग्य विम्यातून 2013 पासून पट्ट्या, गम, गोळ्या आणि फोनवरचं समुपदेशन विनाशुल्क मिळतं. व्यसन सोडू पाहणाऱ्या सैनिकांसाठी संरक्षण खात्याची स्वतंत्र मोहीम आहे. माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं 1 ऑक्टोबर 2019 पासून व्हेपसह सर्व धूम्रपानाला बंद झाली आहेत. साधनं आहेत, मग अडतं कुठे? रात्रपाळीला जागं राहायचं असतं, पहाऱ्यावर वेळ जात नसतो आणि कामातून पाच मिनिटं उठायला निकोटीनखेरीज दुसरं मान्य कारण नसतं. हे तिन्ही प्रश्न डॉक्टरच्या हातातले नाहीत. ते तुकडीच्या प्रमुखाच्या हातातले आहेत.

नौदलाने जहाजावरच्या आगीचा प्रश्न एका आदेशाने हाताळला. तसाच एक आदेश विश्रांतीबद्दल निघायला हवा. प्रत्येक पाळीत, ओढणारा असो वा नसो, प्रत्येक जवानाला ठरलेल्या वेळी सारखीच सुटी मिळावी आणि ती घेतली म्हणून कोणी त्याला कामचुकार म्हणू नये. प्रशिक्षणातून निकोटीनमुक्त होऊन आलेल्या मुलाला पहिले काही महिने जपावं, कारण तेवढ्यातच बहुतेक घसरतात. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. दोन बाकं आणि एक आडोसा तर प्रत्येक तळावर आधीपासून आहेतच, ते सगळ्यांसाठी खुले करावेत आणि तिथला वाळूचा डबा उचलावा.